चिमट्याचं लोखंड

रायगडच्या किनाऱ्याला लोखंडाची वाण कधीच नाही. धरमतर खाडीच्या काठावर डोलवीला जेएसडब्ल्यूचा, म्हणजे पूर्वीच्या इस्पातचा, कारखाना आहे. त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टनांपर्यंत गेली आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळावला स्पंज आयर्न. हा कारखाना विक्रम इस्पात म्हणून सुरू झाला, मधे वेलस्पनकडे गेला आणि आता तोही जेएसडब्ल्यूकडेच आहे. कळंबोलीची लोखंडाची घाऊक पेठही जिल्ह्याच्या हद्दीतच. तरी पोयनाडच्या किंवा चौलच्या फॅब्रिकेशनवाल्याला मोटरसायकलचा चिमटा बनवायला सांगा. बहुतेक वेळा तो गेटासाठी आणलेल्या बॉक्स पाइपच्या उरलेल्या तुकड्याला हात घालतो.

चिमटा म्हणजे स्विंगआर्म. पुढे फ्रेमला बुशात अडकवलेला, मागे चाकाचा एक्सल धरणारा, शॉकअपवर वरखाली होणारा. घरी बनवायची वेळ का येते? एकतर जुन्या राजदूत-येझदीचा मूळ चिमटा आतून सडलेला असतो आणि दुसरा मिळत नाही. नाहीतर कुणाला बुलेटला रुंद टायर बसवायचा असतो. दुसऱ्या हौसेबद्दल मला फारशी आस्था नाही, पण लोखंड निवडायचा प्रश्न दोघांचा एकच.

आणि तो प्रश्न बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. "जास्त कडक लोखंड कुठलं?" असं विचारतात. पोलाद साधं एमएस असो की विमानाच्या सांगाड्यात वापरलेलं ४१३० क्रोमोली, त्याचा लवचिकतेचा गुणांक जवळपास सारखाच, २०० ते २१० गिगापास्कल. म्हणजे एकाच मापाचा पाइप तेवढ्याच भाराखाली तेवढाच वाकणार. क्रोमोली कायमचं वाकायला जास्त भार मागतं, हे खरं. साध्या एमएसची ही मर्यादा २५० मेगापास्कलच्या आसपास असते, तर क्रोमोलीची चारशेच्या वर. पण वळणावर गाडीचं शेपूट हलतं ते चिमटा तुटतो म्हणून नव्हे, लवतो आणि पिळवटतो म्हणून. पहिल्या गिअरला १०० सीसीच्या गाडीतही चेनची ओढ ३०० किलोच्या घरात जाते, तीही एकाच बाजूला.

मग ताठपणा येतो कुठून? आकारातून. ४० बाय ४० चा, २ मिमी जाडीचा बॉक्स पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो. जाडी ३ मिमी केली की वजन ३.५ किलो होतं आणि ताठपणा जेमतेम ४० टक्क्यांनी वाढतो. त्याऐवजी २ मिमीचाच, पण ५० बाय ५० चा घेतला, तर वजन ३ किलो आणि ताठपणा दुप्पट. (कोपऱ्यांची गोलाई सोडून केलेला हा हिशोब आहे.) फॅब्रिकेशनवाला "जाड घालू का?" विचारतो, तेव्हा "नको, मोठा घाल" हे उत्तर. अर्थात चेन आणि टायरच्या मधे जागा असेल तेवढाच. लांबी वाढवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: चिमटा १० टक्के लांब केला, की त्याच भाराला तो सुमारे ३३ टक्के जास्त लवतो.

पेठेत हाच पाइप अनेक जातींचा मिळतो. ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी वळवून कडा विजेने जोडलेला. गेट-ग्रिलचा माल बहुधा हाच. तो पाइप पुन्हा डायमधून थंड ओढला की सीडीडब्ल्यू होतो: माप अचूक, भिंत सारखी. गाड्यांच्या नळ्यांसाठी आयएस ३०७४ हे वेगळं मानकच आहे. त्या मानकाचा माल, टेस्ट सर्टिफिकेटसकट, मिळत असेल तर माझं मत त्याच्याच बाजूने. पाइप हातात घेतल्यावर पॉलिश पेपरने घासून शिवणीची रेघ शोधावी आणि ती बाजूच्या भिंतीवर, मधोमध ठेवावी. सगळ्यात जास्त ताण वरच्या-खालच्या भिंतींवर येतो.

भंगारातला तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या बघणारे जुने कारागीर अजून आहेत. लांब, सरळ, थोडेच फाटे फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे कमी कार्बन. दाट फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन जास्त, आणि तो तुकडा वेल्डिंगला नको. ईएन-८ सारखं जास्त कार्बनचं पोलाद पिव्होटच्या शाफ्टला उत्तम, पण न तापवता त्यावर टाका मारला तर शेजारी चीर जाते. जीआय पाइपचं तर नावच नको. जस्ताच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो आणि टाक्यात भोकं राहतात ती वेगळीच. "किनाऱ्यावर एसएस घालू" म्हणणाऱ्यांनी समुद्रासमोरच्या बंगल्यांची रेलिंग बघावीत. स्वस्त २०२ ग्रेडवर तपकिरी डाग वर्ष-दोन वर्षांत उमटतात. शिवाय स्टेनलेस तापल्यावर एमएसपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे वेल्डिंगमध्ये चिमटा वाकडा होण्याची भीती मोठी.

खरी मेख टाक्यात आहे. वेल्ड केलेला सांधा लाखो हेलकाव्यांनी थकून तुटतो, आणि या थकव्यापुढे मूळ पोलादाच्या ग्रेडला जवळपास काही किंमत नसते. टाक्याच्या कडेची खाच किती तीक्ष्ण आहे, यावर सगळं ठरतं. महागडं क्रोमोली आणून रॉडने ओबडधोबड टाके मारले, तर पैसे धरमतर खाडीत टाकल्यासारखेच. आर्गन किंवा सीओटू वेल्डिंग करणारा चांगला हात आधी शोधावा, लोखंड नंतर. रॉडच वापरायचे, तर ७०१८ चा पुडा पावसाळ्यात उघडा ठेवलेला नसावा. कोकणच्या हवेतला ओलावा तो शोषून घेतो, त्यातला हायड्रोजन टाक्यात उतरतो आणि पुढे चीर पडते. असे रॉड ओव्हनमध्ये तापवूनच वापरायचे. एक्सलची पट्टी आणि बुशाची नळी जिगवर पक्की धरल्याशिवाय टाका सुरूच करू नये, नाहीतर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही.

त्यात समुद्र. खाऱ्या हवेत पोलादाला थकव्याची सुरक्षित मर्यादाच उरत नाही. कोरड्या जागी जो ताण वर्षानुवर्षं चालला असता, तोच गंजाच्या खड्ड्यातून चीर सुरू करतो. काशिद-नागावच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांचे चिमटे बाहेरून रंगवलेले आणि आतून पोकळ झालेले असतात. म्हणून बॉक्स एकतर पूर्ण बंद करावा (वेल्डिंग करताना आतली गरम हवा निघायला बारीक भोक ठेवून, ते शेवटी बुजवून), नाहीतर खालून पाणी निथळेल अशी सोय ठेवून आत मेण किंवा तेल फिरवावं. अर्धवट बंद बॉक्स सगळ्यात वाईट. मिठाचं पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही.

पेणच्या आरटीओची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. मूळ मापाचा सडलेला चिमटा बदलणं आणि वाढीव चिमट्यावर रुंद टायर बसवून एमएच-०६ ची पाटी मिरवणं, यांतला फरक अपघातानंतर विमा कंपनीला बरोबर कळतो.

पहिला पावसाळा सरला की चाक काढावं, बुशाजवळचे आणि शॉकअपच्या कानांजवळचे टाके तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत आणि डाय पेनिट्रंटचा लाल फवारा मारावा. थोडा वेळ थांबून पुसून वर पांढरा डेव्हलपर. टाक्याच्या कडेने बारीक लाल रेघ उमटली, तर त्यावर पुन्हा रॉड फिरवत बसू नये. तो चिमटा कापून भंगारवाल्याला द्यावा.