बॉयलर उघडल्यानंतरचा हिशेब

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आपले ‘बिग बॉय’ क्रमांक ४०१४ हे महाकाय वाफेचे इंजिन देशभर फिरवण्याची घोषणा केली. १९४१ मध्ये बांधलेले हे इंजिन निवृत्तीनंतर अर्धशतक कॅलिफोर्नियातील पोमोना येथे प्रदर्शनात उभे होते. कंपनीने ते २०१३ मध्ये परत मिळवले, वायोमिंग राज्यातील शायेन येथील स्वतःच्या कारखान्यात त्याची फेरउभारणी केली आणि मे २०१९ मध्ये ते पुन्हा धावू लागले. सहा वर्षांत हे घडू शकले, कारण कारखाना कंपनीचा होता, रूळ कंपनीचे होते, कारागीर पगारी होते आणि खर्चाची तरतूद कंपनीच्या ताळेबंदात सहज सामावणारी होती. गावोगावच्या रेल्वे संग्रहालयांपाशी यांतले काहीच नसते. तरीही बिग बॉय पाहून परतलेला प्रेक्षक त्यांना विचारतो, की आपले इंजिन केव्हा धावणार. या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीपेक्षा निधीत अधिक दडलेले आहे, आणि निधी किती जमतो यापेक्षाही तो कोणत्या कामासाठी जमतो, यावर ते अवलंबून आहे.

पंधरा वर्षांची मुदत

वाफेच्या इंजिनाचा बहुतेक खर्च बॉयलरमध्ये, म्हणजे पाण्याची वाफ करणाऱ्या दाबपात्रामध्ये, जिरतो. चाके, दांडे आणि सिलिंडर यांची झीज डोळ्यांना दिसते व मोजता येते. बॉयलरचे दुखणे मात्र आतून असते. अग्निपेटी, म्हणजे कोळसा जळतो तो पोलादी कप्पा, बाहेरच्या कवचाला शेकडो आडव्या-उभ्या सळ्यांनी जखडलेला असतो आणि दोहोंच्या मधल्या अरुंद पोकळीत पाणी खेळते. या सळ्यांना स्टे-बोल्ट म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या टोकाला मुद्दाम एक बारीक छिद्र पाडलेले असते, जेणेकरून आत सळीला तडा गेला तर त्या छिद्रातून वाफेची पिचकारी उडून तंत्रज्ञाला वेळीच इशारा मिळावा. फेरउभारणीच्या वेळी बॉयलरच्या संपूर्ण पृष्ठभागावर खडूने चौकटी आखतात, प्रत्येक चौकटीत श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण टेकवून पत्र्याची उरलेली जाडी नोंदवतात, आणि त्या आकड्यांवरून हा बॉयलर किती दाब सुरक्षितपणे पेलेल याचे गणित मांडतात. इंजिनाचे भवितव्य या आकड्यांवर ठरते, आणि ते आकडे इंजिन पूर्णपणे सोलून काढल्याखेरीज हाती येत नाहीत.

अमेरिकेत प्रवासी ओढणाऱ्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना आज लागू असलेला नियम एका अपघातातून आला. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातील गार्डनर्सजवळ गेटिसबर्ग रेल्वेच्या एका पर्यटन गाडीच्या इंजिनात पाण्याची पातळी धोक्याखाली गेली, अग्निपेटीचे छत उघडे पडून तापले व फाटले आणि इंजिनावरील तिघे जण भाजले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या साधनांच्या वाटा क्षारांनी बुजल्या होत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर स्ट्रासबर्ग रेल रोड या पर्यटन रेल्वेचे लिन मोडिंगर यांच्यासारख्या अनुभवी जाणकारांच्या समितीने संघीय रेल्वे प्रशासनाबरोबर बसून नवे नियम घडवले आणि ते २००० पासून अमलात आले. त्यांचा गाभा असा, की इंजिनाने १४७२ सेवा-दिवस पूर्ण केले किंवा पंधरा वर्षे उलटली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा. सेवा-दिवस म्हणजे ज्या दिवशी बॉयलर पेटवून वापरात आणला तो दिवस.

सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम निर्विवाद योग्य आहे. परंतु त्याचा आर्थिक अर्थ संग्रहालयांचे विश्वस्त क्वचितच मांडून पाहतात. १४७२ दिवस पंधरा वर्षांत वापरायचे, तर इंजिन दरवर्षी सरासरी ९८ दिवस चालले पाहिजे. वर्षातून ३० दिवस गाडी चालवणारे संग्रहालय पंधरा वर्षांत ४५० दिवसच वापरते, म्हणजे विकत घेतलेल्या मुदतीचा एक-तृतीयांशही नाही. समजा, फेरउभारणीला १५ लाख डॉलर लागले, तर अशा संग्रहालयाला प्रत्येक धावत्या दिवसामागे सुमारे ३३०० डॉलर केवळ बॉयलरच्या पुढच्या तपासणीसाठी बाजूला टाकावे लागतील आणि त्यात कोळसा, पाणी, वंगण, विमा व पगार यांचा एक पैसाही धरलेला नाही. तिकीटविक्रीतून ही रक्कम उभी राहणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून ती देणग्यांतून यावी असे गृहीत धरले जाते.

देणगी कशासाठी मिळते

अडचण अशी, की देणगीदाराला इंजिनाची पहिली फेरी पाहायची असते. मंदिराच्या जीर्णोद्धाराला वर्गणी भराभर जमते आणि रोजच्या दिवाबत्तीला कोणी पुढे येत नाही, तसेच येथेही घडते. शिवाय अनुदानांना अटी असतात. जुळवणी अनुदान या प्रकारात सरकार किंवा न्यास ठरावीक रक्कम तेव्हाच देतो, जेव्हा संस्था तेवढीच रक्कम लोकांकडून उभी करते. हेतुबद्ध देणगी ज्या कामासाठी मिळाली त्याखेरीज अन्यत्र वापरता येत नाही. यामुळे एखाद्या संग्रहालयाच्या खात्यात इंजिनाला नवा रंग देण्यासाठी पैसा पडून राहतो आणि त्याच वेळी स्टे-बोल्ट विकत घेण्यासाठी हात रिकामे असतात, असा विचित्र प्रसंग उद्भवतो.

पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे के-४ वर्गातील १३६१ क्रमांकाचे इंजिन हे या दुखण्याचे बोलके उदाहरण आहे. १९१८ मध्ये अल्टूना येथे बांधलेले हे इंजिन १९५७ पासून ‘हॉर्सशू कर्व्ह’ या प्रसिद्ध वळणावर अठ्ठावीस वर्षे पावसात आणि बर्फात उघड्यावर उभे राहिले. १९८७ मध्ये ते पुन्हा धावले, राज्याने त्याला अधिकृत इंजिनाचा मान दिला आणि दुसऱ्याच वर्षी यांत्रिक बिघाडाने ते थांबले. १९९६ मध्ये ते सुटे करून स्क्रॅन्टन येथील स्टीमटाऊन या रेल्वे संग्रहालयाच्या कारखान्यात नेण्यात आले. काम चालू असतानाच नवे नियम आले, जुन्या बॉयलरची कसोटी कडक झाली, खर्च वाढत गेला आणि २०१० मध्ये हे काम थांबवावे लागले. ज्यांनी या इंजिनाच्या नावाने पैसे दिले होते, त्यांच्यासमोर चौदा वर्षांनंतर सुट्या भागांचा ढीग उरला. २०२१ मध्ये अल्टूनाच्या संग्रहालयाने रेल्वे उद्योगातील अनुभवी व्यक्तींना सोबत घेऊन सुमारे २६ लाख डॉलरची नवी योजना जाहीर केली. तिचे वैशिष्ट्य असे, की नियमात बसणाऱ्या नव्या अग्निपेटीचा आराखडा तिच्या केंद्रस्थानी आहे.

मीनली यांचा अहवाल

श्रीमंत आणि राष्ट्रीय दर्जाचे संग्रहालयही या सापळ्यातून सुटत नाही, हे ब्रिटनमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने दाखवून दिले. १९२३ मध्ये बांधलेल्या आणि १९३४ मध्ये ताशी शंभर मैलांच्या अधिकृत नोंदीमुळे जगप्रसिद्ध झालेल्या या इंजिनाने आधी दोन खासगी मालकांचे दिवाळे काढले होते: ॲलन पेग्लर १९७२ मध्ये आणि टोनी मार्चिंग्टन २००३ मध्ये. २००४ मध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २३ लाख पौंडांना विकत घेतले. त्यासाठी राष्ट्रीय वारसा निधीने मोठे अनुदान दिले, सामान्य नागरिकांनी वर्गणी पाठवली आणि उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनीही भर घातली. २००६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली. २०११ मध्ये इंजिन काळ्या रंगात लोकांसमोर आणले गेले आणि त्यानंतर सांगाड्यात तडे सापडल्याने ते पुन्हा उघडावे लागले. ते प्रत्यक्ष रुळांवर आले २०१६ मध्ये, आणि तोवर दुरुस्तीचा खर्च ४२ लाख पौंडांवर, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या जवळजवळ दुपटीवर, पोहोचला होता.

या विलंबाची चिकित्सा करण्याचे काम संग्रहालयाने बर्मिंगहॅमजवळच्या टाइसली कारखान्यातील ज्येष्ठ अभियंता रॉबर्ट मीनली यांच्याकडे सोपवले. त्यांचा अहवाल २०१२ मध्ये तयार झाला आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध करण्यात आला. वाफेच्या इंजिनांच्या जतनाविषयी अलीकडच्या काळात लिहिल्या गेलेल्या सर्वात उपयुक्त कागदपत्रांपैकी तो एक मानला पाहिजे. इंजिनाच्या आधीच्या दुरुस्तीवर विसंबून त्याची प्रकृती चांगली असल्याचा समज करून घेण्यात आला. सखोल तपासणी होण्याआधीच अंदाजपत्रक आणि वेळापत्रक जाहीर झाले. कंत्राटांवर पुरेशी देखरेख नव्हती. आणि लवकर धावते इंजिन दाखवण्याच्या दबावाखाली निर्णय घेतले गेले, असे निष्कर्ष त्यातून पुढे येतात. यांतील एकही कारण निव्वळ तांत्रिक नाही. आधी कळस मग पाया अशी कामाची उलटी मांडणी निधी गोळा करण्याच्या पद्धतीतूनच जन्माला येते, कारण देणगीदाराला आकर्षित करण्यासाठी तारीख आणि रक्कम आधी सांगावी लागते, तर खरी रक्कम बॉयलर उघडल्यावरच कळते.

संग्रहालयाने हा अहवाल दडवला नाही, लोकांसमोर ठेवला, ही बाब विशेष गौरवाची आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या चुकांचे असे दस्तऐवजीकरण केले, तरच पुढच्या संस्थेला शहाणे होता येते. दुर्दैवाने अनेक छोटी संग्रहालये देणगीदार बिथरतील या भीतीने अशी माहिती देत नाहीत, आणि मग तोच अनुभव प्रत्येकाला नव्याने विकत घ्यावा लागतो.

टिकणारी उत्तरे

या कोंडीतून वाट काढणारी उदाहरणे आहेत. ब्रिटनमधील ए-१ न्यासाने १९९० मध्ये ‘टॉर्नेडो’ हे संपूर्ण नवे वाफेचे इंजिन बांधण्याचा संकल्प केला, तेव्हा एकरकमी देणग्यांच्या मागे न लागता दर आठवड्याला एका बिअरच्या पेल्याइतकी रक्कम देणारे नियमित वर्गणीदार जोडण्यावर भर दिला. बॉयलर जर्मनीतील मायनिंगेन येथे तयार झाला आणि सुमारे ३० लाख पौंड खर्चून २००८ मध्ये इंजिन धावले. या योजनेचे खरे यश असे, की छोटी पण अखंड वर्गणी देणारा माणूस पहिल्या फेरीनंतरही संस्थेशी बांधलेला राहू शकतो. अमेरिकेत स्ट्रासबर्ग रेल रोडने वेगळा मार्ग पत्करला. हंगामभर नियमित गाड्या चालवून ते आपल्या इंजिनांचे सेवा-दिवस खऱ्या अर्थाने वसूल करतात आणि त्यांच्या कारखान्यात इतर संस्थांच्या इंजिनांची कामेही होतात, त्यामुळे कारागिरांना बारमाही काम मिळते व कसब पुढच्या पिढीकडे जाते. रस्त्याच्या पलीकडेच पेनसिल्व्हेनिया राज्याचे रेल्वे संग्रहालय आहे, जिथे इंजिने छपराखाली स्थिर उभी राहतात. चालवायचे ते एकीकडे आणि जपायचे ते दुसरीकडे, अशी ही विभागणी अनुकरणीय आहे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे, कारण येथे जतनाचा भार मुख्यतः भारतीय रेल्वे उचलते. १८५५ मध्ये लीड्स येथे बांधलेले ‘फेअरी क्वीन’ १९९७ पासून दिल्ली–अलवर पर्यटन गाडी ओढू लागले आणि पुढच्याच वर्षी सर्वात जुने कार्यरत इंजिन म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये वाफेचे कसब अजून जिवंत आहे. याउलट १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तिन्ही इंजिने महाराष्ट्राला आज कुठेही पाहायला मिळत नाहीत. जे वेळेवर जपले नाही, त्यासाठी नंतर कितीही निधी उभारला तरी उपयोग नसतो, एवढा धडा त्यातून घ्यावा.

म्हणूनच प्रत्येक इंजिन धावलेच पाहिजे हा आग्रह सोडण्याची वेळ आली आहे. ज्याच्यावर छप्पर नाही त्या इंजिनाला आधी छप्पर मिळावे. रंग, गंज आणि गळती यांवर केलेला अल्प खर्च पुढचे लाखो वाचवतो. ज्या इंजिनाला धावते करायचे ठरेल, त्याच्या बाबतीत संग्रहालयाने मदतीचे आवाहन दोन टप्प्यांत करावे: पहिल्या टप्प्यात फक्त बॉयलर उघडून तपासण्यासाठी पैसा मागावा आणि तपासणीचा अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध करावा, दुसऱ्या टप्प्यात फेरउभारणीबरोबरच पुढील पंधरा वर्षांच्या देखभालीची गंगाजळी, म्हणजे जिचे केवळ व्याज खर्चायचे अशी कायम ठेव, त्याच आवाहनात समाविष्ट करावी. अनुदान देणाऱ्या न्यासांनीही पहिल्या टप्प्याला, म्हणजे दिखाऊ नसलेल्या तपासणीला, स्वतंत्र पैसा द्यायला हवा. असे केल्यास कमी इंजिने धावतील हे खरे. पण जी धावतील ती मुदत संपल्यावर सुट्या भागांच्या ढिगात परत जाणार नाहीत, आणि वर्गणी देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला हे पंधरा वर्षांनंतरही सांगता येईल.