घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ निवडताना



सैन्यातून निवृत्त झाल्यावर कोणी शेती पाहतो, कोणी नातवंडांत रमतो. मी लाकूडकाम करतो. ई.एम.ई.मध्ये हाताला लागलेली हत्यारांची सवय काही सुटत नाही. नोएडात घराच्या तळमजल्यावर, गाडी उभी करायच्या जागेत माझे छोटेसे वर्कशॉप आहे. दिल्लीच्या आसपास राहणारे आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि काही पालक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात : "टेबल सॉ घ्यायची आहे, कोणती घेऊ?" हे उत्तर फोनवर मावणारे नाही, म्हणून आपल्या मराठी पानावर सविस्तर लिहीत आहे. यात पदार्थविज्ञानही बरेच आहे, तेव्हा ज्यांना यंत्र घ्यायचे नाही त्यांनीही वाचावे.

टेबल सॉ म्हणजे काय?

एक सपाट टेबल, त्याच्या पोटात मोटर आणि टेबलाच्या फटीतून वर डोकावणारे गोल दातेरी पाते. हातकरवतीने कापताना लाकूड स्थिर असते आणि करवत पुढे-मागे जाते. टेबल सॉमध्ये पाते जागच्या जागी फिरते आणि लाकूड आपण पुढे ढकलतो. सगळी मेख या एका फरकात आहे. लाकूड सरळ गेले तर काप सरळ. लाकूड वाकडे झाले तर काप बिघडतोच, पण माणसालाही इजा होऊ शकते.

म्हणून माझा सल्ला असा : दुकानात गेल्यावर आधी मोटर किती हॉर्सपॉवरची हे विचारू नका. पाते कोणत्याही यंत्राचे असो, ते कापतेच. लाकूड धरून सरळ नेणारे भाग कसे आहेत ते आधी पाहा.

हा धडा जुना आहे आणि तो लष्करी कारखान्यातूनच आलेला आहे. शिडांच्या जहाजांना दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या हजारोंनी लागत. इंग्लंडच्या नौदलासाठी पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉड्स्ले याने बनवलेली यंत्रे बसवण्यात आली. गोल करवती, भोके पाडणारी यंत्रे, खाचा करणारी यंत्रे अशी ती मालिका होती. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. ११० कुशल कारागिरांचे काम १० साधे कामगार करू लागले, असे सांगतात. त्या कामगारांचा हात काही एकाएकी तयार झाला नव्हता. लाकूड नेमक्या जागी पकडून ठेवण्याची सोय यंत्रातच केलेली होती.

थोडा हिशेब

घरगुती यंत्रात बहुधा १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते असते. त्याचा परीघ काढा : साधारण ८० सेंटिमीटर. मोटर मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दात्याचे टोक मिनिटाला सुमारे ३,२०० मीटर जाते, म्हणजेच ताशी १९० किलोमीटरहून अधिक.

आता पाते कोणत्या दिशेने फिरते ते पाहा. आपल्या बाजूचे दाते वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबतात, हे चांगले. पण मागच्या बाजूचे दाते खालून वर येतात. कापलेले लाकूड आतल्या ताणामुळे मिटले किंवा तिरके होऊन मागच्या दात्यांना टेकले, तर ते दाते त्याला उचलतात आणि आपल्याच दिशेने भिरकावतात. याला 'किकबॅक' म्हणतात. फळी छातीवर किंवा पोटावर आदळते हा एक धोका. दुसरा त्याहून वाईट : फळी अचानक निसटली की तिला ढकलणारा हात पात्याकडे ओढला जातो.

तुमच्यापैकी अनेकांना एन.डी.ए.त जायचे आहे. हाताचे बोट गमावलेला उमेदवार सैन्यदलाच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरू शकतो. त्यामुळे पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

पाहायचे ते चार भाग

पहिला भाग रायव्हिंग नाइफ. पात्याच्या लगेच मागे उभी असलेली ही पोलादी पाकळी कापलेल्या फटीत शिरते आणि लाकूड मिटू देत नाही. ती पात्याबरोबरच वर-खाली आणि तिरकी झाली पाहिजे, म्हणजे तिचे अंतर बदलत नाही. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, पण कापाच्या फटीपेक्षा कमी हवी. ज्या यंत्राला ही पाकळी नाही ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

दुसरा भाग फेन्स, म्हणजे पात्याला समांतर बसणारी ती लांब पट्टी जिला टेकवून आपण फळी उभी चिरतो. ती घट्ट केल्यावर दोन्ही टोकांनी पक्की बसली पाहिजे. मागचे टोक पात्याकडे झुकत असेल तर फळी पाते आणि पट्टी यांच्यात चिमटली जाते आणि किकबॅकला आमंत्रण मिळते.

तिसरा भाग पात्यावरचे गार्ड. ते सहज काढता-घालता आले पाहिजे. जे बसवायला दहा मिनिटे लागतात ते गार्ड लवकरच माळ्यावर जाते.

चौथा भाग स्विच. वीज गेल्यावर स्विच आपोआप बंद पडला पाहिजे आणि वीज परत आल्यावर आपण बटण दाबेपर्यंत यंत्र सुरू होता कामा नये. आमच्या भागात काम करणाऱ्या एका सुताराने हातातले कटर मशीन प्लायच्या फळीखाली उलटे बांधून स्वतःची टेबल सॉ बनवली होती. मशीनचे बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले. एकदा वीज गेली. ती गेली आहे तोवर पात्यात अडकलेली ढलपी काढावी म्हणून त्याने हात घातला आणि वीज आली. त्याची दोन बोटे गेली. बाजारात आणि कामाच्या ठिकाणी अशी उलटी बांधलेली टेबले बरीच दिसतात. त्यांना ना रायव्हिंग नाइफ असते, ना गार्ड, ना असा स्विच. शिवाय फरशी कापायच्या छोट्या मशीनचा वेग मिनिटाला १०,००० फेऱ्यांपेक्षा जास्त असतो. त्यावर लाकडाचे मोठे पाते चढवणे म्हणजे जिवाशी खेळ.

बोट लागताच पाते थांबवणारे तंत्रही निघाले आहे. अमेरिकेत स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये ते शोधले. पात्यात एक क्षीण विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचा टेकताच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पाते सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबते. 'सॉस्टॉप' या नावाने ती यंत्रे निघाली. बाजारातल्या बहुतेक यंत्रांत ही सोय नसते, म्हणून वरचे चार भाग सोडून चालत नाही.

जागा, वीज, आवाज आणि धूळ

यंत्र पाहायला जाण्याआधी खोली मोजा. ८ फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळी जागा हवी. म्हणजे यंत्रासह १८ फूट झाले. ४ फुटी तुकडेच कापणार असाल तर १० फुटांत भागते. दिल्लीतल्या बरसातीत किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत १८ फूट कुठून आणणार? अशा जागेत घडीच्या स्टँडवरचे २५ ते ३५ किलोचे यंत्र योग्य, काम झाले की भिंतीला लावून ठेवता येते. बिडाच्या टेबलाची यंत्रे शंभर किलोंच्या पुढची असतात. ती कमी थरथरतात आणि वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांना कायमची जागा लागते. शिवाय पावसाळ्यात बिडावर गंज धरतो, टेबलाला मेण चोळत राहावे लागते.

प्लायवूडचा पूर्ण पत्रा ८ फूट × ४ फूट असतो. तो एकट्याने छोट्या टेबलावर कापायचा विचार सोडून द्या. पत्रा तोलतानाच तो तिरका होतो. पश्चिम दिल्लीतल्या कीर्ती नगरच्या लाकूडबाजारातून प्लाय आणता तेव्हा तिथेच मोठ्या मशीनवर मापाचे तुकडे करून घ्या आणि बारीक काम घरी करा. ज्यांचे सगळे काम प्लायचेच आहे, त्यांना कदाचित टेबल सॉची गरजच नाही. जमिनीवर पत्रा ठेवून, रुळासारख्या पट्टीवरून सरकणारी हातातली गोल करवत त्यांना पुरते. टेबल सॉ खरी उपयोगी पडते ती सागवान, शिसम, आंबा अशा भरीव लाकडाच्या एकसारख्या पट्ट्या काढायला.

विजेचे पाहू. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दीड ते दोन हजार वॅटच्या यंत्राला साधारण ७ ते ९ अँपिअर लागतात आणि सुरू होताना त्याहून बरेच जास्त. म्हणून ६ अँपिअरचा साधा सॉकेट चालत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळी वायर आणि उत्तम अर्थिंग हवे. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र इथे थेट लावता येत नाही.

हलक्या यंत्रांत ब्रशची मोटर असते. ती वजनाला कमी, पण कर्कश. जड यंत्रांत पट्ट्याने फिरणारी इंडक्शन मोटर असते. ती शांत आणि टिकाऊ. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ तर पूर्णपणे शेजाऱ्यांची समजा. दुपारी कोणाच्या घरी लहान मूल झोपते हेही विचारून घ्या. कानांना संरक्षक लावायला विसरू नका.

धुळीबद्दल दिल्लीकरांना वेगळे सांगायला नको. पण लाकडाची बारीक धूळ ही नुसती कचरा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले. तेव्हा यंत्राला भुसा ओढणारी नळी जोडायचे तोंड आहे का ते पाहा, आणि हिवाळ्यासाठी घरात आणलेले एन-९५ मास्क इथेही वापरा.

दुकानातली तपासणी

रायफल हाती आली की आपण झिरोइंग करतो. यंत्राचेही तसेच. खिशात एक पोलादी पट्टी आणि सुताराचा गुण्या घेऊन जा. प्लग काढलेला आहे याची खात्री करूनच हात लावा.

१. पोलादी पट्टी टेबलावर उभी, आडवी आणि तिरकी ठेवा. खालून उजेड दिसला तर टेबल सपाट नाही.

२. पात्याच्या एका दात्यावर पेनाने खूण करा. टेबलातल्या खाचेपासून त्याचे अंतर पुढच्या बाजूला मोजा. मग तोच दाता फिरवून मागे न्या आणि पुन्हा मोजा. फरक साध्या कागदाच्या जाडीपेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. जास्त असेल तर तो जुळवायची सोय आहे का ते विचारा.

३. फेन्स घट्ट करा आणि मागच्या टोकाला हाताने दाबा. टोक हलले तर दुसरे यंत्र पाहा.

४. दुकानदाराला एक फळी आडवी कापायला सांगा. एक तुकडा उलटा करून कापलेली टोके एकमेकांना भिडवा. पाते काटकोनात नसेल तर फट दिसते, आणि ती मूळ चुकीच्या दुप्पट दिसते. म्हणूनच ही चाचणी उत्तम.

५. पात्याच्या मधल्या भोकाचे माप लिहून घ्या. त्या मापाची पाती आपल्या बाजारात सहज मिळाली पाहिजेत. उभे चिरायला २४ दात्यांचे, रोजच्या कामाला ४० चे आणि प्लाय-लॅमिनेटला ६० ते ८० दात्यांचे पाते लागते. यंत्राबरोबर आलेले पाते बहुधा सामान्यच असते. एका चांगल्या पात्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

शेवटी तुमच्यासाठी

घरी यंत्र आले तरी मोठे माणूस शेजारी उभे असल्याशिवाय ते सुरू करायचे नाही. हातमोजे घालायचे नाहीत, कारण दाता मोज्यात अडकला तर मोज्यासकट हात ओढतो. मनगटातले कडे, राखीचा धागा, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून ठेवायची. चष्मा लावायचा. पात्याच्या रेषेत उभे राहायचे नाही, थोडे बाजूला उभे राहायचे. पाते लाकडाच्या वर एका दात्याएवढेच ठेवायचे. अरुंद पट्टी हाताने नव्हे, ढकलकाठीने पुढे न्यायची. पाते पूर्ण थांबेपर्यंत तुकडा उचलायचा नाही.

ती ढकलकाठी तुम्ही सुट्टीत हातकरवतीने स्वतः बनवू शकता. प्लायचा फूटभर तुकडा घ्या, मागच्या टोकाला खाली टाच ठेवा आणि वरच्या कडा घासून हाताला सोयीच्या करा. घरात टेबल सॉ येण्याआधी ही काठी खुंटीला टांगलेली असू द्या.