लवंग तेलातील युजेनॉलची ओळख : प्रोटॉन एन.एम.आर. वर्णपट कसा वाचावा

लवंग तेलाबरोबर येणारे विश्लेषणपत्र आपल्यापैकी अनेक जण फाइलला लावून मोकळे होतात. मध्यंतरी एका औषधनिर्मात्या सदस्याने असेच एक पत्र आमच्यापुढे ठेवले. मुख्य घटकाच्या रेणूत दहा कार्बन, बारा हायड्रोजन व दोन ऑक्सिजन, रेणुभार १६४, आणि त्यापुढे ‘युजेनॉल सिद्ध’ असा शेरा होता. हा शेरा घाईचा होता. तेच अणू, तितक्याच संख्येने, आयसोयुजेनॉलमध्येही असतात. भेद आहे तो केवळ एका दुहेरी बंधाच्या स्थानाचा. परंतु आयसोयुजेनॉल हे त्वचेची अधिक्रिया घडविण्यात युजेनॉलहून अधिक तीव्र आहे. जे द्रव्य आपण रुग्णाच्या हिरडीवर लावावयास देतो, त्याबाबत हा भेद गौण मानता येणार नाही. रेणूची अशी अंतर्गत रचना उकलण्याचे साधन म्हणजे प्रोटॉन एन.एम.आर., अर्थात अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन.

हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि तो सूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतो. ९.४ टेस्ला तीव्रतेच्या चुंबकीय क्षेत्रात तो सुमारे ४०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरी शोषून घेतो. मात्र रेणूतील सर्व प्रोटॉनांभोवती इलेक्ट्रॉनांचे आवरण सारखे नसते. जेथे आवरण विरळ, तेथे बाह्य क्षेत्राचा प्रभाव किंचित अधिक पडतो आणि शोषणाची वारंवारता सरकते. हे सरकणे दशलक्षांश भागांत, म्हणजे पी.पी.एम.मध्ये मोजतात, टेट्रामेथिल सायलेन या संयुगाचे स्थान शून्य धरले जाते.

१९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एथिल अल्कोहोलचे तीन स्वतंत्र संकेत नोंदविले गेले व त्यांची क्षेत्रफळे १ : २ : ३ या प्रमाणात आढळली. त्या शोधनिबंधाच्या तिघा लेखकांपैकी एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया त्यांनीच घातला, ही गोष्ट आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते.

आता युजेनॉलचा वर्णपट पाहू. ३.९ च्या आसपास एक उंच, अखंड शिखर दिसते. त्याचे क्षेत्रफळ तीन प्रोटॉनांचे. ऑक्सिजनला जोडलेला हा मेथिल गट होय. ६.७ ते ६.९ या पट्ट्यातील तीन प्रोटॉन बेन्झिन कड्यावरचे. ५.५ जवळचा एक प्रोटॉन फिनॉलच्या हायड्रॉक्सिल गटाचा. नमुन्यात जड पाण्याचा थेंब घालून हलविल्यास हा संकेत नाहीसा होतो. उरलेले पाच प्रोटॉन निर्णायक आहेत. ३.३ ला दोन, ५.१ च्या सुमारास दोन आणि ५.९ ते ६.० ला एक. पैकी ३.३ चा संकेत दुभंगलेला दिसतो, कारण शेजारच्या कार्बनवर एकच प्रोटॉन आहे. शेजारी जितके, त्याहून एक अधिक रेषा, असा साधारण नियम. म्हणजे कड्याला लागून दोन हायड्रोजनांचा कार्बन, आणि दुहेरी बंध साखळीच्या टोकाला. तीन, तीन, एक, दोन, दोन, एक : बेरीज बारा. हिशेब पूर्ण झाला.

आयसोयुजेनॉलमध्ये ३.३ आणि ५.१ हे दोन्ही संकेत नसतात. त्याऐवजी १.९ जवळ तीन प्रोटॉनांचा दुभंगलेला संकेत येतो. दुहेरी बंध कड्याकडे सरकला आणि टोकाला मेथिल गट उरला, हे त्यावरून कळते. येथे तर्काला जागा राहत नाही.

व्यवहारात तेल हे मिश्रण असते, म्हणून वर्णपटात इतर शिखरेही दिसणारच. ०.८ ते १.३ या भागात मोठा उंचवटा असेल तर खनिज तेलाच्या भेसळीची शंका घ्यावी. २.३ जवळचे अखंड शिखर ॲसिटिल युजेनॉलचे असू शकते. कळ्यांच्या तेलात ते बऱ्यापैकी, तर स्वस्त अशा पानांच्या तेलात अत्यल्प असते. ७.२६ चे बारीक शिखर पाहून मात्र घाबरू नये. ते द्रावक म्हणून वापरलेल्या क्लोरोफॉर्मचे आहे. पुरवठादाराकडे म्हणूनच नुसता शेरा नव्हे, तर क्षेत्रफळांच्या आकड्यांसह छापील वर्णपट मागावा. द्रावक कोणते व यंत्र किती मेगाहर्ट्झचे, याचा उल्लेख त्यावर असावा.

या परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. भावप्रकाशाने लवंग शीतवीर्य मानली आहे. त्याविषयी हा वर्णपट मौन पाळतो, आणि त्याने बोलावे अशी अपेक्षाही नाही. दुसरी मर्यादा अधिक व्यवहारी आहे. हळदीतून काढलेले कर्क्युमिन आणि कारखान्यात संश्लेषित केलेले कर्क्युमिन यांचे रेणू एकच, त्यामुळे शुद्ध नमुन्यांचे प्रोटॉन वर्णपटही एकसारखेच येतात. तेथे कार्बन-१४ ची तपासणी करावी लागते : जिवंत वनस्पतीतून आलेल्या द्रव्यात तो सापडतो, खनिज तेलापासून बनविलेल्या द्रव्यात सापडत नाही.