मुदत संपलेले नियम: डिस्नी वर्ल्डचं तिकीट वाढवून घेताना

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आई-बाबांच्या फिरण्याच्या यादीत फ्लोरिडातलं डिस्नी वर्ल्ड हमखास असतं. तिकिटं काढायची वेळ आली की सल्ले सुरू होतात. "चार दिवसांचं काढून ठेवा, एक दिवस उरला तर पुढच्या खेपेला वापरा." "हॉपर आत्ता नको, वाटलं तर तिथे गेल्यावर वाढवून घेऊ, उरलेल्या दिवसांचेच पैसे पडतील." "दुसऱ्या पार्कात दुपारी दोननंतरच सोडतात." यातलं बरंचसं सांगणारा थापा मारत नसतो. तो गेला होता तेव्हा नियम तसाच होता.

घोळ इथेच आहे. ऑर्लँडोजवळच्या या उद्यानाचे तिकिटांचे नियम 2005 पासून इतक्या वेळा फिरले की लोकांच्या बोलण्यात चार-पाच वेगवेगळ्या काळांतले नियम एकत्र झाले आहेत. त्यामुळे प्रत्येक समजुतीबद्दल "हे खरं का?" एवढंच विचारून भागत नाही. "हे कधीपर्यंत खरं होतं?" हेही विचारावं लागतं.

थोडी पूर्वपीठिका. डिस्नी वर्ल्डमध्ये चार मुख्य पार्क आहेत: मॅजिक किंगडम (1971), एपकॉट (1982), हॉलिवूड स्टुडिओज (1989) आणि अॅनिमल किंगडम (1998). साध्या तिकिटावर दिवसाला एकच पार्क बघता येतो. एकाच दिवशी एकाहून अधिक पार्कांत जायचं तर 'पार्क हॉपर' जोडावा लागतो. तिकिटाचे दिवस वाढवणं, हॉपर जोडणं आणि तिकिटाचा वार्षिक पास करून घेणं, अपग्रेड म्हणतात ते मुख्यतः या तीन गोष्टींना.

गैरसमज 1: उरलेले दिवस पुढच्या वेळी वापरता येतात.

वस्तुस्थिती: 2005 पूर्वी हे खरं होतं. तेव्हाच्या अनेक दिवसांच्या हॉपर तिकिटांना मुदतच नसे. जानेवारी 2005 मध्ये तिकिटांची नवी रचना आली आणि पहिल्या वापरापासून 14 दिवसांत तिकीट संपवण्याची अट लागली. मुदत नको असेल तर जास्तीचे पैसे भरून तशी सोय विकत घेता येई. 2015 मध्ये तीही बंद झाली. ऑक्टोबर 2018 पासून तर अनेक दिवसांच्या तिकिटाला सुरुवातीची तारीखच जोडली गेली आणि मुदत आणखी आखडली. आता दोन दिवसांचं तिकीट चार दिवसांत, चारचं सात दिवसांत आणि दहाचं चौदा दिवसांत संपवावं लागतं.

एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासाचे दिवस एकदा सुरू झाले की सलग मोजले जातात. इथे मध्ये विश्रांती घेता येते, पण तीही मोजून-मापून. समजा, चार दिवसांचं तिकीट सोमवारी सुरू झालं. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार पार्कात गेले, मग पाय बोलायला लागले म्हणून दोन दिवस हॉटेलवर काढले. चौथा दिवस रविवारच्या आत वापरला नाही तर तो बुडाला. गुरुवारीच पाचवा दिवस वाढवून घेतला, तर पाच दिवसांच्या तिकिटाची मुदत आठ दिवसांची असल्याने पुढचा सोमवारही हातात येतो. अपग्रेडचा हा फायदा फारसा कुणी सांगत नाही.

एकदाही न वापरलेल्या तिकिटाची गोष्ट मात्र वेगळी. त्याची तारीख उलटली तरी भरलेली रक्कम तितक्याच किंवा जास्त किमतीच्या नव्या तिकिटात वळती करता येते. प्रवेशाचा हक्क संपतो, पैशांची किंमत राहते. मुदत नसलेल्या जुन्या तिकिटांवरचे न वापरलेले दिवसही आजवर मानले जातात. कुणाच्या कपाटात असं तिकीट सापडलं तर फेकून देऊ नका.

गैरसमज 2: हॉपर नंतर जोडला की उरलेल्या दिवसांपुरतेच पैसे पडतात.

वस्तुस्थिती: हॉपरची किंमत दिवसाच्या हिशेबाने नसते, ती पूर्ण तिकिटावर लागते. पहिल्या सकाळी घ्या किंवा शेवटच्या दुपारी, रक्कम पूर्णच भरावी लागते. शेवटच्या दिवशी 'एका संध्याकाळपुरता' हॉपर घेणारा माणूस सगळ्या दिवसांच्या हॉपरचे पैसे मोजत असतो. घ्यायचाच असेल तर सुरुवातीलाच घ्यावा.

दिवस वाढवण्याचं गणित याच्या उलट. तिथे फक्त दोन तिकिटांमधला फरक भरायचा, आणि दिवस वाढत जातात तसा पुढच्या दिवसाचा दर उतरतो. म्हणून वेगळं एकदिवसीय तिकीट काढण्यापेक्षा हातातलं तिकीट वाढवणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. एकदिवसीय तिकिटाचा भाव काय असतो? डिसेंबर 2022 मध्ये पार्कानुसार वेगळे दर लागू झाले, तेव्हा ते तारखेप्रमाणे 109 ते 189 डॉलर होते. वरचा आकडा मॅजिक किंगडमचा, तोही नाताळच्या गर्दीतला.

गैरसमज 3: आधी आरक्षण लागतं आणि दोन वाजेपर्यंत दुसऱ्या पार्कात सोडत नाहीत.

वस्तुस्थिती: कोविडनंतर जुलै 2020 मध्ये पार्क पुन्हा उघडले, ते तिकिटाबरोबर पार्क आणि दिवस आधी नोंदवण्याच्या सक्तीने. हॉपर जानेवारी 2021 मध्ये परतला, पण दुपारी दोननंतरच्या अटीवर. या दोन्ही गोष्टींवर पर्यटक मनापासून चिडले होते. हॉपरचे पूर्ण पैसे घेता आणि वर अर्धा दिवस कापता, ही तक्रार रास्तच होती. 9 जानेवारी 2024 पासून तारखेच्या तिकिटांना आरक्षण लागत नाही आणि हॉपरची दोन वाजताची अटही गेली. 2020 ते 2023 च्या दरम्यान जाऊन आलेल्यांचा सल्ला इथे सर्वांत जास्त फसवतो.

गैरसमज 4: तिकिटाचा वार्षिक पास कधीही, कुणालाही करून मिळतो.

वस्तुस्थिती: करून मिळतो, तिकिटाचे पैसेही वळते होतात, पण तिकिटाची मुदत संपण्याच्या आत. आणि हवा तो पास विक्रीला असेल तरच. नोव्हेंबर 2021 मध्ये डिस्नी वर्ल्डने फ्लोरिडावासीयांचा सर्वांत स्वस्त पास सोडून बाकी नव्या पासांची विक्री थांबवली, ती एप्रिल 2023 पर्यंत. पासच विकला जात नसेल तर तिकीट कशात बदलणार? शिवाय सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या चार पासांपैकी फ्लोरिडाबाहेरच्या सर्वसामान्य पर्यटकासाठी सर्वांत महाग तेवढाच उरला. तेव्हा त्याची किंमत करांशिवाय 1,299 डॉलर होती. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आई-बाबांसाठी पास काढण्याआधी हे गणित मांडून पाहायला हवं. आणखी एक मेख अशी की तिकीटधारकांचं आरक्षण गेलं तरी पासधारकांना बऱ्याच दिवसांसाठी ते अजून करावं लागतं.

पासधारकांचा राग कुठवर जाऊ शकतो, ते कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये दिसलं. तिथे 2021 मध्ये 1,399 डॉलरचा एक पास विकला गेला. त्यावर 'बंद तारखा नाहीत' असं सांगितलं होतं, पण अनेक दिवशी आरक्षणच मिळेना. प्रकरण कोर्टात गेलं. 2023 मध्ये कंपनीने 95 लाख डॉलर देऊन तडजोड केली.

गैरसमज 5: महाग वाटलं तर खालचं तिकीट घेऊन फरक परत मिळतो.

वस्तुस्थिती: अपग्रेडची वाट एकाच दिशेची. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, जोडलेला हॉपर काढून घेता येत नाही. तारीख बदलता येते. नवी तारीख महाग असेल तर फरक भरायचा, स्वस्त असेल तर मात्र फरक परत मिळत नाही. म्हणून लहान तिकीट घेऊन नंतर वाढवणं शहाणपणाचं, मोठं घेऊन कमी करू म्हणणं तोट्याचं. अपवाद हॉपरचा. तो लागणार हे नक्की असेल तर वाट पाहून काहीच वाचत नाही.

गैरसमज 6: बाबांना जमलं नाही, तर त्यांचा उरलेला दिवस दुसरं कुणी वापरेल.

वस्तुस्थिती: तिकीट एकदा वापरलं की ते त्या माणसाचं. प्रवेशाच्या यंत्रावर बोट टेकवायला लावतात ते तिकीट आणि माणूस यांची जोडी जुळते का हे बघायला. फ्लोरिडाच्या कायद्यात तर एकदा वापरलेलं अहस्तांतरणीय तिकीट विकणं हा गुन्हाच आहे. घरातल्या घरात देऊ म्हटलं तरी दारावर अडवणूक होते. आणि एक साधी गोष्ट: तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, दहा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांचं लागतं.

गैरसमज 7: पूर्वी सगळं तिकिटातच यायचं, रांग टाळायचे पैसे आत्ताच सुरू झाले.

वस्तुस्थिती: अर्धं खरं. 1971 मध्ये मॅजिक किंगडमचा नुसता प्रवेश साडेतीन डॉलर होता आणि राइडसाठी 'ए' ते 'ई' अशी कुपनं वेगळी लागत. सर्वांत भारी राइड 'ई' कुपनाच्या. कुपनं 1982 मध्ये गेली आणि एका तिकिटात सगळं मिळू लागलं. 1999 मध्ये आलेला, रांग टाळून देणारा फास्टपास फुकट होता. लोकांच्या मनात ठसला आहे तो हा मधला काळ. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याची जागा जिनी प्लसने घेतली, माणशी दिवसाला 15 डॉलर दराने.

इथे अपग्रेडचाही एक नियम बदलला. सुरुवातीला जिनी प्लस पूर्ण सहलीसाठी तिकिटालाच जोडून घेता येई. जून 2022 पासून ते रोजच्या रोज विकत घ्यावं लागू लागलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गर्दीप्रमाणे दरही बदलू लागला. सकाळी सातला राइड नोंदवण्यासाठी कुटुंबातला एक जण फोन घेऊन बसलेला, ही तक्रार तेव्हाचीच. जुलै 2024 पासून ही सेवा 'लाइटनिंग लेन मल्टी पास' झाली. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आणि इतरांना तीन दिवस आधी वेळा निवडता येऊ लागल्या. सकाळची धावपळ कमी झाली, पण बेत आधी आखणं आलंच. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेला 'प्रीमियर पास' तर सुरुवातीलाच पार्क आणि तारखेप्रमाणे 129 ते 449 डॉलरला होता, तोही एका दिवसाला, एका पार्कासाठी. यात प्रवेश नसतो. तिकीट वेगळं घ्यावं लागतं आणि पास तिकिटाचा अपग्रेड म्हणून मोजला जात नाही.

हे सगळं कशासाठी?

तिकिटाला तारीख जोडली की गर्दी वर्षभर पसरवता येते आणि नाताळच्या आठवड्याला जास्त भाव लावता येतो. तारखेशी बांधलेल्या तिकिटात लवचीकता कमी, म्हणून अपग्रेडला अटी जास्त. कंपनीचा फायदा उघड आहे. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी जाणाऱ्यालाही कमी भाव लागतो, हेही खरं. भरडला जातो तो शाळेच्या सुट्टीतच जाऊ शकणारा.

पर्यटकांची नाराजी वाया गेली असंही नाही. बॉब आयगर नोव्हेंबर 2022 मध्ये कंपनीच्या प्रमुखपदी परतले आणि जानेवारी 2023 मध्येच काही अटी सैल करण्याची घोषणा झाली. डिस्नीच्या हॉटेलांतलं रात्रीचं पार्किंग पुन्हा फुकट झालं, पासधारकांना दुपारी दोननंतर बहुतेक दिवशी आरक्षणाविना सोडायचं ठरलं. वर्षभराने तिकीटधारकांचं आरक्षणही गेलं. दर मात्र उतरले नाहीत.

तेव्हा तिकीट काढताना तीनच गोष्टी बघा: सुरुवातीची तारीख, किती दिवसांत संपवायचं ती मुदत, आणि हॉपर खरंच लागणार का. दिवस नंतर वाढवता येतात, मुदत उलटायच्या आत. आणि सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तुम्ही कोणत्या वर्षी गेला होतात?