पेढी निघाली सहलीला

बारामती ही जुनी सावकारी पेठ. पेशवाईतल्या बड्या सावकारांत बाबूजी नाईकांचे नाव घेतले जाते, आणि त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत कऱ्हाकाठच्या या गावात राहिले. त्या काळची पेढी डोळ्यांसमोर आणावी: गादी, तक्क्या, लाकडी उतरते मेज आणि लाल कापडात बांधलेल्या, मोडीत लिहिलेल्या वह्या. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. शेठ काशीला निघाले, पंढरपूरला निघाले, तरी गादी जागची हलत नसे. किल्ल्या दिवाणजींच्या कमरेला. शेठजींच्या सोबत चार माणसे, दशम्या, बिछाना, आणि अंगरख्याच्या आतल्या कशाला बांधलेली एक हुंडी.

ही हुंडी फार हुशार चीज होती. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीच्या हुंडीला ठरलेले दिवस भरावे लागत. पण खरी गंमत शहाजोग हुंडीची. वाटेत चोरट्याने कागद पळवला तरी तो त्याला वटवता येणे अवघड, कारण पेठेत पत असलेल्या माणसामार्फतच ती हुंडी यावी लागे. कागद गहाळ झाला तर लिहून देणारा दुसरी प्रत देई, तिला म्हणत पेठ. तीही हरवली तर परपेठ. आधीच्या प्रतीचा उल्लेख पुढच्या प्रतीत असे, म्हणजे एकाच रकमेचे पैसे दोनदा जायला नकोत. प्रवासात काय हरवू शकते याचा विचार प्रवासाला निघण्याआधी, घरी बसून झालेला होता.

आता आजच्या शेठजींकडे पाहू. इंदापूर तालुक्यात खताचे दुकान चालवणारा पस्तीस-चाळीस वर्षांचा गृहस्थ घ्या, किंवा बारामतीच्या मार्केट यार्डातला आडत्या. दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलांना आणि आईला घेऊन तारकर्लीला निघाला. दुकानात एक पोरगा बसवला आहे. पण दुकान आहे कुठे? दुकान याच्या पँटच्या खिशात आहे. जीएसटीचा पासवर्ड फोनमध्ये, ई-वे बिल फोनवर, चालू खात्याचा ओटीपी याच नंबरावर, कंपन्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. आणि सगळ्यांत नाजूक ऐवज म्हणजे गिऱ्हाइकांची कागदपत्रे. कोणाचा सातबारा, कोणाचे आधार कार्ड, कोणाच्या पासबुकाचे पहिले पान. 'दादा, फोटो पाठवतो, तेवढं अर्ज भरून द्या,' असे म्हणून विश्वासाने पाठवलेले. शेठजींचे स्वतःचे पैसे गेले तर ते त्यांचे नशीब. पण हे कागद दुसऱ्यांचे आहेत.

आणि ही सबंध पेढी मागच्या सीटवर आठ वर्षांच्या चिरंजीवांच्या हातात असते. गाडीत पोरगे कुरकुरू नये म्हणून गेम लावून दिलेला असतो. फोन उघडायचा आकडा घरात सगळ्यांना ठाऊक, बहुधा तो पोराच्याच वाढदिवसाचा. काही म्हणायला जावे तर उत्तर तयार: 'अहो, गाडीत सगळी आपलीच माणसं आहेत!'

सायबर गुन्हा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीत कळफलक बडवणारा परदेशी इसम येतो. प्रवासातले संकट बहुतेक वेळा इतके थोर नसते. भिगवणला मासे खायला थांबलेले कुटुंब ताटे संपवून उठते आणि फोन टेबलावर राहतो, एवढेच ते असते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते. काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, पुढे सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, मग इंदापूरचे रिंगण. दोन्ही तालुक्यांतली घरेच्या घरे दर्शनाला लोटतात. दोन्ही हात जोडलेले, आणि फोन झब्ब्याच्या वरच्या खिशात. वारीच्या गर्दीत मोबाईल मारणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या आहेत. चोरांनाही वारीचे वेळापत्रक पाठ असते.

फोन गेला तरी त्याला कुलूप आहे, असे पुष्कळांना वाटते. कुलूप फोनला असते, सिमकार्डाला नसते. चोर सिम काढून दुसऱ्या यंत्रात घालतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. त्यात आपल्याकडे एक खास सोय करून ठेवलेली असते: फोनच्या पाकिटासारख्या कव्हरात एटीएम कार्ड. यूपीआयचा नवा पिन बसवायला बऱ्याच बँकांत कार्डावरचे आकडे आणि ओटीपी पुरतात. म्हणजे तिजोरी आणि किल्ली एकाच पिशवीत बांधून आपण ती गर्दीत नेतो. ज्याने ही कव्हरे काढली त्याला सोय कळली, धोका कळला नाही.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. सिमलाही स्वतःचा पिन लावता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात तो असतो. एकदा लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये गेले तरी आकडा विचारते. मात्र हे काम घाईत करू नये. तीनदा चुकीचा आकडा पडला की सिम अडते आणि मग कंपनीकडून आठ आकडी पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या कंपनीचा सुरुवातीचा पिन विचारून घ्यावा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, दुकानात बसल्या बसल्या, हे उरकावे. तेव्हाच आणखी एक करावे: बंद पडद्यावर संदेश दिसणे थांबवावे. नाहीतर कुलूप लावलेला फोनही ओटीपी दाखवतो, म्हणजे दाराला कडी आणि खिडकी सताड उघडी.

बँकेत आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोन वेगळ्या माणसांकडे. एकाच किल्लीने ती उघडत नसे. त्यांतला एक जण मुलीच्या लग्नाला जरी निघाला तरी किल्ली वहीत नोंद करून, सह्या होऊन, दुसऱ्याच्या ताब्यात जाई. जोडकिल्ल्यांचा संच तर आपल्या शाखेत ठेवायचाच नाही, तो दुसऱ्या शाखेत. नवे लोक या रिवाजाला हसत. पण किल्ली खिशात घालून कोणी महाबळेश्वरला गेला नाही. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. नाजूक जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना पूर्वसूचना न देता किमान दहा कामाचे दिवस सक्तीची रजा द्यायची, आणि त्या काळात बँकेची अंतर्गत ईमेल सोडून कामाच्या कोणत्याही यंत्रणेला त्यांचा हात लागू द्यायचा नाही. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावेत हा. पण सुट्टीवरच्या माणसाच्या हाती तिजोरी नको, हे तत्त्व आपल्या दुकानदाराने जसेच्या तसे उचलावे असे आहे.

सुट्टी चोरांनाही आवडते. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, ते गुरुवारी रात्री. शुक्रवार-शनिवार तिथली साप्ताहिक सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ साली हल्ला झाला तो ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली, आणि एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. इंदापूरच्या खतदुकानावर असली फौज चालून येणार नाही, हे उघड आहे. पण युक्ती तीच: पाहणारा माणूस जागेवर नसताना यायचे. आणि आपण जागेवर नाही हे आपणच गावभर सांगतो. समुद्रात पाय बुडवल्याचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला लागतो, आणि तासाभरात दुकानातल्या पोराला अनोळखी नंबरावरून संदेश येतो, वर मालकाचाच फोटो: 'गाडी चालवतोय, फोन करू नको, या नंबरवर वीस हजार टाक.' पोरगा मालकाचा शब्द मोडत नाही. त्याला निघताना तोंडी सांगून ठेवावे की संदेशावर एक रुपयाही द्यायचा नाही, माझा आवाज ऐकल्याशिवाय नाही. फोटो घरी आल्यावर लावले तरी समुद्र तसाच दिसतो.

लग्नसराईत आणखी एक प्रकार. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचे ॲप, आणि असले ॲप एकदा बसले की संदेश वाचून ओटीपी पळवू शकते. आपण कदाचित थांबू. मागच्या सीटवरचे चिरंजीव थांबणार नाहीत, त्यांना प्रत्येक चौकट दाबायचीच असते. म्हणून मुलांना जुना, सिम काढलेला फोन द्यावा आणि गेम त्यावर चालू द्यावेत. लॅपटॉपची तर सहलीत गरजच काय? हिशेबाच्या संगणकावर दुकानातल्या माणसाला मर्यादित अधिकाराचे नाव उघडून द्यावे. व्यवसायाच्या नेट बँकिंगमध्ये एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी सोय बऱ्याच बँका देतात. आमच्या दोन किल्ल्याच त्या. लॉजवर आधारची प्रत मागतात तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे झाकलेले आधार दाखवावे, ते आधारच्या संकेतस्थळावर मिळते. चार्जिंगच्या सार्वजनिक खांबांबद्दल फार बोलले जाते. आपला चार्जर भिंतीतल्या खटक्यात लावावा आणि तो विषय सोडून द्यावा.

आता थोडे अडचणीचे. आपल्या पेठेत कितीतरी दुकाने बायकोच्या नावावर आहेत. कर्जाच्या कागदावर सही तिची, जीएसटी नोंदणी तिची, पाटीवर नाव तिचे. ओटीपी मात्र यजमानांच्या नंबरावर. पासवर्ड तिला माहीत नाही, बँकेच्या अधिकाऱ्याशी ती कधी बोललेली नाही. बँकेत सहीपुरत्या येणाऱ्या अशा मालकीणबाई मी पुष्कळ पाहिल्या. सही झाली की यजमान म्हणत, 'तू बाहेर बस, मी आलोच.' फोन सुरक्षित ठेवायचा म्हणजे घरच्यांपासून लपवायचा, अशी समजूत यातूनच येते. फोन उघडायचा आकडा सगळ्या घराला माहीत आणि व्यवहार कोणालाच माहीत नाही, ही स्थिती बरोबर उलटी हवी. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर यजमानांचा फोन गेला, तर त्या क्षणी चालू फोन कोणाच्या पर्समध्ये असतो? आणि खाते जिच्या नावावर आहे तिने बँकेला फोन करून ते थांबवणे यात अवघड काय आहे? तिला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

फोन गेल्यावर तो शोधत बसण्यात पहिला तास घालवू नये. आधी सिम बंद करायला लावावे आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, पुढे सरकलेली रक्कम वाटेत अडवता येते ती लवकर कळवले तरच. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांना महत्त्व दिले ते उगाच नव्हे: ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच्याच करणीने पैसे गेले आणि तेवढ्या मुदतीत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. मग पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनच बंद करण्याची विनंती. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. तिथे फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो, पण फोन हातात असेल तरच. गेल्यावर तो सापडतो खोक्यावर, आणि खोके असते बारामतीला, माळ्यावर.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री वहीचे एक पान फाडावे आणि पेनाने लिहावे: आयएमईआय क्रमांक, बँकेचा मदत क्रमांक, सिम कंपनीचा, १९३०, दुकानातल्या पोराचा, शाखेचा. पासवर्ड नको, पिन नको. कोणाला आधी फोन करायचा तो क्रम घालावा आणि घरातल्या बाईला एकदा वाचून दाखवावा. पान ठेवायचे आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पिशवीत. बाकी काहीही विसरले तरी ती पिशवी गाडीत घेतल्याशिवाय कोणी निघत नाही.