काळा रुपया घासू नका!

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिवशातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या तळातून एक जाड, काळपट चांदीचा रुपया बाहेर निघतो. त्यावर मुकुट घातलेली राणी व्हिक्टोरिया असते. लगेच आजीचं फर्मान सुटतं, "अवं पोरी, चिंच घे अन् घास त्याले चांगला!"

चिंच राहू द्या भाजीला. आधी चांदी काळी का पडते ते पाहू.

हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू किंचितसा असतो. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो याचाच. त्यातल्या गंधकाची चांदीशी गट्टी जमते आणि नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. रबरबँड आणि लोकर यांतही गंधक असतो, म्हणून रबरबँड लावलेली नाणी आणखी लवकर काळवंडतात. हा थर अगदी पातळ असताना पिवळसर दिसतो, मग तांबूस, मग निळसर आणि शेवटी काळा. बसस्टँडवरच्या डबक्यात सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, तसाच हा प्रकाशाचा खेळ. असे रंग चढलेल्या नाण्याला संग्राहक चार पैसे जास्तच मोजतात.

आता विचार करा, तो काळा थर आला कुठून? नाण्याच्याच चांदीतून! थर घासून काढला की तेवढी चांदीही गेली. शिवाय चांदी मऊ. राख, रांगोळी, टूथपेस्ट यांतले कण तिच्याहून कठीण असतात, ते बारीक ओरखडे पाडतात. दर दिवाळीला घासा, आणि पाहा राणीच्या केसांच्या बटा कशा पुसट होत जातात. राणीच्या डोक्यावर त्या काही पुन्हा उगवत नाहीत.

घरातल्या नाण्याला चिखल लागला असेल, तर ते स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, मऊ सुती कापडावर टिपा आणि कडेला धरूनच उचला. बस्स, एवढंच. पूजेला चकचकीत नाणं हवंच असेल, तर आजीला नवं घेऊन द्या.

चकचकीत म्हटलं की आठवतात टीव्हीवरचे विक्रेते. "दीडशे वर्षं जुना, दुर्मीळ रुपया! फक्त आजच!" पण जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे बरं का. 1862 साल छापलेला रुपया घ्या. टांकसाळीने ते साल 1874 पर्यंत तसंच ठेवलं आणि वर्षानुवर्षं तेच रुपये पाडले. म्हणून ते आजही भरपूर सापडतात.

राणीच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात 91.7 टक्के चांदी. गुणाकार करा: शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम. तिला त्या दिवशीच्या भावाने गुणा आणि टीव्हीवरची किंमत शेजारी लिहा. डोळे विस्फारतील! लोहचुंबकही लावून पाहा. चांदी चिकटत नाही. चिकटला तर तो चांदीचा नाहीच. 1947 चा रुपया मात्र चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. पण तांबं, पितळही चिकटत नाही, तेव्हा नुसत्या चुंबकावर विसंबू नका. सोनारकाकांच्या काट्यावर वजन करून घ्या.

काही जण ईस्ट इंडिया कंपनीचं, 1818 सालचं, रामदरबाराचं 'चमत्कारी' अर्ध्या आण्याचं नाणं विकतात. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही! याच्या उलट प्रकारही चालतो: "तुमचं जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, आधी थोडी फी भरा." रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सांगितलं, की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. तरी असा फोन आलाच, तर तो बाबांकडे द्या.

आणि खरोखर जुनं नाणं तुमच्या वावरातच सापडलं तर? तिवसा तालुक्यातच वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण ते ओळखतो, आणि तिथे उत्खननही झालं आहे. मातीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची जुनी वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा 1878 चा कायदा आहे. नाणं किती खोल होतं, शेजारी खापराचे तुकडे होते का, हे वहीत टिपून ठेवा. माती धुवू नका, ती तशीच राहू द्या.