फुकट दाराची किंमत

दूरदर्शनवर 'सुरभि' पाहिलेल्यांना तिची पोस्टकार्डे आठवत असतील. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे कार्यक्रमात एक प्रश्न विचारीत, आणि उत्तरांची पोतीच्या पोती देशभरातून येऊन पडत. पंधरा पैशांचे कार्ड पोचवायला पोस्टखात्याला त्याहून कितीतरी अधिक खर्च येई. गरिबाची खुशाली कळावी म्हणून सोसलेला तो तोटा होता, टीव्हीवरच्या बक्षिसांसाठी नव्हे. तेव्हा खात्याने स्पर्धांसाठी निराळे, महाग पोस्टकार्ड काढले. पोस्टमन तोच, अंतर तेच, कार्डाचा हेतू वेगळा म्हणून दर वेगळा. यात गैर काही वाटत नाही.

आता एवढीच कल्पना करा, की पोस्टखात्याचा स्वतःचाही एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम आहे. त्याची कार्डे फुकट जातात आणि 'सुरभि'च्या कार्डाला मात्र जादा पैसे पडतात. मग तो दर रास्त राहिला असता काय? 'नेट न्यूट्रॅलिटी' या बोजड नावाखाली गेली काही वर्षे जगभर जो वाद चालला आहे, त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

हा शब्द टिम वू या कायद्याच्या अमेरिकन प्राध्यापकाने २००३ साली रूढ केला. अर्थ साधा आहे. मोबाइल कंपनीकडून आपण डेटा विकत घेतला, की त्यावर मराठी विश्वकोश वाचावा, सिनेमा पाहावा की परदेशातल्या मुलाशी बोलावे, हे आपण ठरवायचे. कंपनीने एकाला एक दर आणि दुसऱ्याला दुसरा लावायचा नाही, एकाला पुढे सोडून दुसऱ्याला रखडवायचे नाही.

आपल्याकडे या वादाला तोंड फुटले डिसेंबर २०१४ मध्ये. इंटरनेटवरून होणाऱ्या फोनसाठी वेगळे पैसे घेण्याचे 'एअरटेल'ने जाहीर केले आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, या विषयावर लोकांची मते मागवली. एरवी अशा कागदांकडे वकील आणि कंपन्यांखेरीज कोणी ढुंकून पाहत नाही. या वेळी दहा लाखांवर ई-मेल गेले.

पण खरा अवघड प्रश्न आला तो 'फ्री बेसिक्स'च्या रूपाने. 'फेसबुक'ने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या नावाने ही योजना भारतात आणली होती. निवडक संकेतस्थळे गरिबाला फुकट पाहू द्यायची: थोडे हवामान, थोडे आरोग्य, थोड्या नोकऱ्या, आणि अर्थातच फेसबुक. त्या काळी एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडत. मार्क झुकरबर्ग यांनी इथल्या वर्तमानपत्रात लेख लिहून विचारले, की गरिबाला फुकट काही मिळत असेल तर त्याला विरोध कशासाठी? प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. पोटभर खाणाऱ्याने उपाशी माणसाला 'अर्धी भाकरी घेऊ नकोस' असे सांगावे, तसे ते दिसत होते.

बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला दरभेद या शब्दाचे वावडे नसते. १९७२ सालापासून सरकारी बँका अत्यल्प उत्पन्नाच्या कर्जदाराला चार टक्के व्याजाने कर्ज देत आल्या. योजनेचे नावच मुळी 'विभेदक व्याजदर' असे होते. ऐपत पाहून केलेला हा भेद न्यायाचाच होता. पुढे स्वयंरोजगाराच्या अनुदान योजना आल्या, तेव्हा कर्जाची रक्कम कर्जदाराच्या हाती न देता थेट विक्रेत्याला देण्याची पद्धत पडली. हेतू चांगला होता. पैसा दारूत किंवा लग्नकार्यात जाऊ नये. परिणाम वेगळा झाला. शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेली बाई दुसऱ्या दुकानात जाऊच शकत नाही, हे यादीतल्या दुकानदाराला पक्के ठाऊक असे. रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईक ज्याला हात लावत नसे, ते मशीन तिच्या माथी मारले जाई. अशाच एका बाईने मला काउंटरवर विचारले होते, "साहेब, कर्ज माझ्या नावावर, मग दुकान तुमच्या पसंतीचं का?" उत्तर नियमपुस्तकात होते, पण तिला पटेल असे नव्हते.

'फ्री बेसिक्स'ची मेख नेमकी इथे होती. त्यात कोण येणार याच्या अटी फेसबुकच्या होत्या आणि सारी वाहतूक फेसबुकच्या यंत्रणेतून जाणार होती. एखाद्या तालुक्याच्या गावातून चालणाऱ्या मराठी संकेतस्थळाला गरीब वाचक हवा असेल, तर परवानगी एका अमेरिकन कंपनीकडे मागावी लागली असती. आणि ज्याला फुकटच्या आवारापलीकडे जाणे परवडत नाही, त्याला ते आवार म्हणजेच सारे इंटरनेट वाटू लागणार. बाहेर काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस ते मागणार तरी कसा?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी, आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना, 'ट्राय'ने निकाल दिला. मजकूर पाहून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडाल तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांना सूट. तीन दिवसांत फेसबुकने योजना भारतातून गुंडाळली. जुलै २०१८ मध्ये केंद्राने वेगाच्या बाबतीतही भेदभाव नको, हे तत्त्व मान्य केले.

या निकालाने दया नाकारली, असे म्हणणाऱ्यांनी तो नीट वाचावा. कोणालाही थोडा डेटा फुकट देऊन 'हवे तिथे जा' म्हणण्यास त्यात मज्जाव नाही. आपली एसटी आज महिलांना अर्धे तिकीट देते. ते कोणत्याही गावाचे देते. 'आमच्या पाहुण्याच्या गावाला जाल तरच' असे वाहक म्हणत नाही. सवलत प्रवाशाला असावी, मुक्कामाला नव्हे.

गरिबाचे पुढे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिओ' आली आणि स्पर्धेने डेटाचे भाव कोसळले. हे नियमाचे श्रेय नव्हे, ते बाजाराचे. पण अर्ध्या भाकरीवाचून गरीब उपाशी राहील ही भीती खरी ठरली नाही, एवढे नक्की.

मात्र विषय संपलेला नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. व्हिडिओ दाखवणाऱ्या बड्या कंपन्या आमच्या तारांवर सर्वांत जास्त भार टाकतात, तेव्हा त्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, अशीही दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. 'सुरभि'च्या पोस्टकार्डांचाच हा युक्तिवाद, आणि खर्च खोटा नाही. पण त्या व्हिडिओसाठीच तर गिऱ्हाईक डेटा विकत घेते. पैसे एकदा आलेले असतात. दक्षिण कोरियात असा भार पाठवणाऱ्यावर पडतो. तिथले शुल्क परवडत नाही म्हणून 'ट्विच' ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. अमेरिकेत तर जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तटस्थतेचे केंद्रीय नियमच रद्द ठरवले. आणि पोस्टखात्याचा स्वतःचा कार्यक्रम नव्हता; इथे 'जिओ' ज्या समूहाची, त्याच समूहाचा 'जिओहॉटस्टार'मध्ये मोठा वाटा आहे. रस्त्याचा मालक दुकानदारही झाला, की पहारा अधिक लागतो.

हा पहारा अवघड आहे. बँकेच्या रांगेत कोणी मध्ये घुसले तर मागचे दहा जण ओरडतात. इथे रांग दिसतच नाही. एक चित्रफीत सुरळीत चालते, दुसरी अडखळते, आणि आपण दोष देतो तो आपल्या जुन्या फोनला. म्हणून पुढच्या वेळी रिचार्ज करताना एखादी गोष्ट फुकट असल्याचा संदेश आला, तर घरात एवढा एक प्रश्न जरूर विचारावा: याचे पैसे कोण भरतो आहे, आणि कशासाठी?